शेख बाईंचा चौदावा धडा

शेख बाईंच्या भाचीनं श्रीरामपूरहून फोन केला. म्हणाली, "नाना, आमच्या खालांवर तुम्ही चार पानं लिहा. त्यांना तुमच्याइतकं जवळून कुणी बघितलेलं नाही." मी म्हटलं, "बाई, माझं शिक्षण चौथी. चार पानं म्हणजे यत्तेला एक पान झालं." ती हसली, पण ऐकेना.

तेव्हा लिहितो. शुद्धलेखन ज्याचं त्यानं बघून घ्यावं. बाई आज असत्या तर पहिल्याच ओळीवर छत्रीचं टोक ठेवून त्यांनी विचारलं असतं, "जवळून बघितलं? कशावरून?"

कशावरून हा बाईंचा शब्द. दूधवाला म्हणाला दूध निर्भेळ आहे, की कशावरून? सरपंच म्हणाले उद्या नळाला पाणी येणार, की कशावरून? माझ्या पुतण्याच्या लग्नात भटजींनी मुहूर्ताची वेळ झाली म्हणून अक्षता वाटायला सांगितल्या, तर मांडवाच्या मागल्या बाजूनं बाईंचा आवाज आला, "कशावरून?" भटजींनी घड्याळ बघितलं. सात मिनिटं बाकी होती. ती सात मिनिटं अख्खा मांडव मुठीत तांदूळ धरून उभा होता आणि वळून वळून बाईंकडं बघत होता. बाई आपल्या निवांत. त्यांना कुणाचा अपमान करायचा नसे. त्यांना फक्त खरं काय ते पाहिजे असे. हे आमच्या गावाला कळायला वीस वर्षं लागली, काहींना अजून कळलेलं नाही.

बाई ठेंगण्या. सुती साडी, डोक्यावर पदर, पायात पोरांसारखे कापडी बूट आणि हातात बारा महिने छत्री. ती उघडलेली मी फार कमी वेळा बघितली. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, ते छडीच्या जागी छत्री घेऊन. मारायला नाही, दाखवायला. रिटायर झाल्यावर फळा सुटला, छत्री सुटली नाही. बाजारात वांगी दाखवायचीत तरी छत्रीनं. लग्न केलं नाही. का केलं नाही असं आमच्या कौसानं एकदा विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "विचारायला आले होते दोघे. मी त्यांना दोन प्रश्न विचारले. गेले."

कौसा म्हणजे माझी बायको, कौसल्या. बाईंची आणि आमची भिंत एकच, तीही छातीइतकीच उंच. त्या भिंतीवरून दोघींचं दिवसभर चालायचं. मला मधे बोलायची परवानगी नव्हती.

रिटायर झाल्यावर बाईंनी पहिलं काम केलं ते मोठा मोबाईल घेतला. त्याचं कारण कोप्या. दिवाळी झाली की पाथर्डी-शेवगावकडची माणसं ऊस तोडायला आमच्या नेवाशाच्या भागात येतात. कारखान्याच्या अंगाला त्यांच्या पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या, झोपड्या पडतात, त्या कोप्या. आईबाप फडात, पोरं कोपीत. शाळा मागं गावाकडं राहिलेली. बाई तिथं छत्री घेऊन जायच्या, पाढे घ्यायच्या. एक दिवस त्यांनी बघितलं, पाचवीतली एक पोरगी मोबाईलमध्ये डोकं घालून बसली आहे. मनीषा तिचं नाव. पिरॅमिडांचा धडा बघत होती, परदेशातला, सगळं बोलणं इंग्रजीत. आवाज बंद करून बघत होती.

बाईंनी विचारलं, "कळतं का गं?"

"न्हाई. पर दगडं लई मोठी हाईत."

बाई घरी आल्या त्या तीन दिवस भिंतीपाशी आल्याच नाहीत. मोबाईलवर पोरांसाठी जगाच्या इतिहासाचं जेवढं सापडेल तेवढं बघत बसल्या होत्या. चौथ्या दिवशी आल्या, डोळे लाल.

"नाना, खूप आहे हो. नकाशे हलतात, राजे बोलतात, किल्ले फिरवून दाखवतात. पण सगळं दुसऱ्याच्या घरच्या मुलांसाठी वाढलेलं ताट आहे. आपल्या पोरांनी लांबून वास घ्यायचा."

कौसा कणीक मळत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "मंग तुमी वाढा की. त्यात रडायसारखं काय हाय?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या पडवीत जगाचा इतिहास सुरू झाला. पडवी आमची, कारण बाईंच्या घरात उजेड नाही. मोबाईल धरायला मी, कारण मला दुसरं काम नाही. असं बाईंनी ठरवलं, मला कुणी विचारलं नाही. धडा तयार झाला की बाई तो मोबाईलवरच एका ठिकाणी चढवून ठेवत आणि तिथला पत्ता पोरांच्या आईबापांना पाठवत. पोरं पुढच्या वर्षी कुठल्या कारखान्यावर जातील ते मुकादमालाही ठाऊक नसतं. पण धडा मागं मागं जाईल, असा बाईंचा हिशेब.

पहिले आठ धडे वाया गेले असं मी म्हणतो, बाई म्हणत आठही चांगले होते, फक्त त्यात माझा अंगठा आला होता. मला ते कळत नव्हतं. मी आपला दोन्ही हातांनी गच्च धरायचो, पडलं-बिडलं तर काय घ्या. पोरं बाईंना आवाज भरून पाठवत, "बाई, सूर्याला गिराण लागलंय." आठव्या धड्यानंतर एका पोरानं विचारलं, "बाई, अंगठेवाल्या आजोबांचं नाव काय?" कौसा तीन दिवस मला त्याच नावानं हाक मारत होती. मी सही करणारा माणूस आहे, सोसायटीत विचारा. पण या वयात अंगठ्यानं नाव काढलं.

बाईंची शिकवायची एक तऱ्हा होती. त्या मोबाईलकडं बघून बोलतच नसत. त्या म्हणत, न कळणारं माणूस समोर बसल्याशिवाय मला शिकवता येत नाही. ते माणूस म्हणजे कौसा, दुसरी पास. गहू निवडत बसायची आणि बाई थांबल्या की म्हणायची, "मंग?" बाई पुढं सांगायच्या. सोपं असलं तर कौसा नुसती मान हलवायची. अवघड झालं तर सूप खाली ठेवायची. सूप खाली ठेवलं की बाई समजायच्या, आपण भरकटलो, आणि परत पहिल्यापासून. पोरांना बाईंच्या आधी तिचा नाद लागला. कोप्यांमधून विचारणा व्हायची, "मंगवाल्या आजी बऱ्या हाईत का?"

एकदा बाईंना पाच हजार वर्षं दाखवायची होती. माझ्याकडं विहिरीचा जुना दोर होता. बाईंनी मोजला, पन्नास हात भरला. म्हणाल्या, "नाना, एक हात म्हणजे शंभर वर्षं. सोडा अंगणातून." दोर आमच्या उंबऱ्यापासून निघाला तो पार रस्त्यावरच्या लिंबापर्यंत गेला. कौसानं जुन्या लुगड्यांच्या चिंध्या फाडून खुणेला बांधल्या. स्वातंत्र्य उंबऱ्यातच, एक हातसुद्धा नाही. नगरचा भुईकोट किल्ला पाचएक हातांवर, तुळशीपाशी. पिरॅमिड पार रस्त्याकडं, पंचेचाळीस हातांवर, लाल चिंधी.

मी विचारलं, "आन् आमचं लगीन?"

बाईंनी बोटं लावून मोजलं. "पन्नास वर्षं ना? एक वीत."

कौसानं ती वीतभर जागा वाकून बघितली. "एक ईत? आन् मंग एवढं भांडान कुठं मावलं वो ह्याच्यात?"

बाई हसून खाली बसल्या. धडा पुन्हा घ्यावा लागला. तेवढ्यात लिंबाकडं बघतो तर आमची शेळी लाल चिंधी चघळतेय. बाई छत्री घेऊन धावल्या, पण उशीर झाला होता. पुढं वर्षभर मला ऐकावं लागलं की साडेचार हजार वर्षं वाळवंटात टिकलेली वस्तू नानांच्या शेळीनं दोन मिनिटांत संपवली.

बाईंचा अभ्यास मात्र कडक. कुठलीही गोष्ट तीन ठिकाणी वाचायला मिळाली तरच सांगायची, नाहीतर नाही. दोनशे पानी वही होती, प्रत्येक गोष्टीपुढं तीन टिंबं. दोनच टिंबं असली तर धडा अडायचा. मी म्हणायचो, "सांगून टाका, पोरं काय कोर्टात जाणार हाईत?" बाई म्हणायच्या, "पोरं उद्या दुसऱ्या पोरांना सांगतील. माझी चूक पाचट पेटल्यासारखी पसरेल."

चौदावा धडा चीनच्या भिंतीचा. तीन टिंबं पक्की होती. बाईंनी लांबी सांगितली, बांधणाऱ्यांचे हाल सांगितले आणि शेवटी आवाज चढवून म्हणाल्या, "आणि ही भिंत इतकी मोठी आहे, की ती चंद्रावरूनसुद्धा दिसते."

कौसाचं सूप खाली आलं. "चंद्रावरनं?"

"हो. चंद्रावरून."

"काय बाई तरी! चंद्रावरनं भिंत दिसती, आन् आमच्या ह्यांना कपाळावरचा चष्मा घावंना. सकाळधरनं हुडकत्यात!"

मी हात कपाळाला लावला. चष्मा तिथंच होता. आणि कौसा हसायला लागली. ती एरवी पदर तोंडाला लावून हसायची. त्या दिवशी हातात गहू होते, पदर धरायला हात मोकळा नव्हता. मोकळी हसली. बाईंनी ते धड्यात तसंच ठेवलं. पोरांना तो धडा सगळ्यांत आवडला.

पुढच्या पौषात कौसा गेली. सकाळी चुलीपाशी बसली, छातीत दुखतंय म्हणाली, आणि नेवाशाला नेईपर्यंत संपलं होतं. मी त्यावर जास्त लिहिणार नाही. अंगणात माणसं जमली. कुणी म्हणालं, सोनं झालं. कुणी म्हणालं, भाग्याची, सवाष्ण गेली. कुणी म्हणालं, देवानं चांगल्या घरी नेली. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, छत्री खाली. त्या दिवशी त्यांनी कुणालाही कशावरून विचारलं नाही.

घरात कौसाचा एकच फोटो आहे, आधार कार्डाचा. त्यात ती अशी बघते, जसा काही मी दुधाचं भांडं सांडलं आहे. तिचं हसणं फक्त चौदाव्या धड्यात. बाईंनी मला जुना मोबाईल दिला, धडा कुठं दाबायचा ते शिकवलं. दुपारी चहा केला की मी तो लावायचो. बाई भिंतीपलीकडून ऐकायच्या.

चार महिन्यांनी बाई दुपारच्या उन्हात आल्या, भिंतीवरून नाही, फाटकातून. तेव्हाच मला कळलं, काहीतरी बिघडलं. त्यांनी मोबाईल पुढं केला. मनीषाचा आवाज होता. ती आता काष्टीकडं होती, मामाकडं शाळेत. "बाई, चंद्रावर जाऊन आल्याली मानसं सांगत्यात, तितनं भिंत दिसत न्हाई. मी हुडकून बघितलं. तुमी सांगितलं हुतं ना, कशावरून म्हनून इचारायचं? म्हनून इचारलं."

बाई ओट्यावर बसल्या. "पोरगी बरोबर आहे, नाना. मी पुन्हा बघितलं. मी तीन ठिकाणी वाचलं होतं, पण ते तिघं एकाच ताटात जेवणारे निघाले. एकानं लिहिलं, दोघांनी उतरवलं. नाही दिसत भिंत."

"न दिसंना. आपल्याला कुठं जाऊन बघायचंय? आपल्या गावाला येष्टी दोनदा येती."

"धडा काढावा लागेल."

मी म्हटलं, "नका काढू."

"कशावरून नको?"

त्या शब्दाची तेव्हा पहिल्यांदा चीड आली. मी म्हटलं, "तुमास्नी ठाव हाय कशावरनं."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तुमच्या मोबाईलमध्ये एक ठेवते वेगळा. तुम्हाला पाहिजे तेव्हा ऐका."

"मला एकट्याला नको," मी म्हटलं. आवाज चढला असावा, कारण शेळी उठून उभी राहिली. "एकट्यानं ऐकलं की ते मेलेलं मानूस हाय, बाई. मला ठाव हाय ना ती न्हाई. त्या पोरांना ठाव न्हाई. कुठल्या कुठल्या कोपीत ती अजून हसतीया. तुमी काढलं की सगळीकडनं जाईल ती. एका भिंतीपायी."

"पोरांना खोटं सांगून ठेवू?"

"ठिवा की! एवढं सगळं खरं सांगितलं, एक खोटं राहू द्या!"

बाई उठल्या. फाटकापाशी वळून म्हणाल्या, "नाना, ज्या पोरीला मी प्रश्न विचारायला शिकवलं, तिनं विचारला. आता मी तोंड लपवू?" आणि गेल्या.

आठ दिवस त्या आल्या नाहीत. मीही भिंतीकडं गेलो नाही. मी दुपारचा चहा सोडला, कारण चहा केला की धडा लावायची सवय, आणि लावला आणि निघाला नाही तर? न लावता निदान तो आहे असं धरता येत होतं. नवव्या दिवशी भिंतीवर छत्री वाजली.

"नाना, मोबाईल धरायला या. अंगठा सांभाळा."

मी जाणार नव्हतो. गेलो. बाईंनी खुर्ची त्यांच्याच अंगणात मांडली होती, उन्हात. समोर रिकामा पाट आणि पाटावर आमचं सूप. आदल्या दिवशी पुतण्याची बायको ते बाईंना नेऊन देते म्हणाली होती, ते यासाठी. बाई बसल्या आणि पहिल्यांदा सरळ मोबाईलकडं बघून बोलल्या.

"मुलांनो, चौदाव्या धड्यात मी चुकले. आज ती चूकच आपला धडा आहे. आधी ती ऐकू या." आणि त्यांनी दुसऱ्या मोबाईलवर जुना धडा लावला, शेवटचा तुकडा. चंद्र, भिंत, चष्मा आणि कौसाचं हसणं, सगळं, शेवटपर्यंत. मधे थांबवलं नाही. मग म्हणाल्या, "यात मी म्हणाले ते चूक आहे. भिंत चंद्रावरून दिसत नाही. मी तीन ठिकाणी वाचलं, पण तिघांनी कुठून घेतलं ते बघितलं नाही. ही चूक काष्टीच्या मनीषानं शोधली. आता तुम्ही म्हणाल, बाई, चुकीचं आहे तर पुसून का टाकलं नाही? इतिहासात पुरावा पुसायचा नसतो. पुसला तर आपण कुठं चुकलो ते पुढच्याला कळणार कसं? म्हणून जुनं बोलणं यात तसंच राहील, आणि त्याला दुरुस्ती जोडलेली राहील."

मला वाटलं, संपलं. मी मोबाईल खाली घेणार, तोच बाई म्हणाल्या, "आणखी एक. या धड्यात हसल्या त्या मंगवाल्या आजी. तुम्ही सगळे विचारता, त्या बऱ्या आहेत का. मी तुम्हाला उत्तर दिलं नाही, ही माझी दुसरी चूक. आजी आता नाहीत. कशावरून?"

बाईंनी सुपाकडं बघितलं.

"मी तिथं होते."

त्या धड्यात शेवटी थोडा वेळ काळं काळं दिसतं, तो माझा अंगठा. मी म्हटलं, बाई, परत घेऊ. बाई म्हणाल्या, "राहू द्या. तोही पुरावा आहे."

पोरांचे आवाज आले नंतर. ते मी सांगत नाही. एवढंच सांगतो, एकानं सगळं ऐकून विचारलं, "आजोबांना चष्मा घावला का?"

त्या वर्षाच्या शेवटी बाईंचे गुडघे पार गेले आणि भाची त्यांना श्रीरामपूरला न्यायला आली. सामान म्हणजे दोन पेट्या, टिंबांची वही आणि माझा पन्नास हात दोर. तो मी दिला नव्हता, त्यांनी घेतला. मी येष्टीपर्यंत गेलो. बाईंना पायरी चढता येईना, मी आणि कंडक्टरनं धरून चढवलं, तर वर जाऊन कंडक्टरला म्हणतात, "श्रीरामपूरला चारला पोहोचेल? कशावरून?"

खिडकीची काच अडकलेली होती, उघडेना. मला पाटी नीट दिसत नव्हती. गाडी हीच ना, का राहुरीची, म्हणून मी खिसे चाचपत होतो, सदऱ्याचा, बंडीचा, परत सदऱ्याचा. गाडी हलली. वर बघितलं तर बाई काचेआडून काहीतरी बोलत होत्या, ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी छत्री उचलली आणि तिचं टोक आपल्याच कपाळाला टेकवलं. एकदा, दोनदा.

मी हात वर नेला. चष्मा तिथंच होता. डोळ्यांवर ओढला आणि बघितलं, तर बाई हसत होत्या, पदर तोंडाला न लावता.